विरघळणारा स्टेंट, दादा आणि मी

"मी पॉलिमर अभियंता आहे. मोटारींचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अनेक वर्षं मोल्डिंगचं काम बघते. माझा मावसभाऊ मूत्ररोगतज्ज्ञ आहे. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत जो स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, ठेवतात, तो काढायला रुग्णाला पुन्हा दुर्बिणीखाली यावं लागतं. तो आतल्या आत विरघळून गेला तर? कल्पना दादाचीच, पण आता आमचं पटेनासं झालंय. मला त्यासाठी अगदी नवा पॉलिमर घडवायचा आहे. एम.टेक.च्या प्रबंधातला एक मोनोमर, म्हणजे ज्याच्या साखळ्या जुळून पॉलिमर बनतो असा छोटा रेणू, तेव्हापासून डोक्यात आहे. दादा म्हणतो, 'मेडिकल ग्रेडचा, म्हणजे वैद्यकीय दर्जाचा, तयार प्लास्टिकचा दाणा घे, नळी काढ, उगाच शोध लावत बसू नकोस.' नोकरी सोडण्यापर्यंत गोष्ट आली आहे. कुणाचं बरोबर?"
– एक वाचक

पॉलिमरच्या वादात मी दादाच्या बाजूची आहे. मात्र त्याचं कारण चुकीचं आहे, आणि त्या कारणावर विसंबून पुढे गेलात तर तयार दाणाही तुम्हाला तारणार नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलते, मग दादाकडे वळते.

शरीरात बसणाऱ्या उपकरणांचा इतिहास चाळला, तर मुद्दाम त्याच कामासाठी जन्माला घातलेले पॉलिमर फार थोडे सापडतात. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. ते अ‍ॅक्रिलिकचं होतं, म्हणजे लढाऊ विमानांच्या काचांचं प्लास्टिक. वैमानिकांच्या डोळ्यांत त्याच्या ठिकऱ्या अडकून राहिल्या तरी डोळा त्या सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. डोक्यात पाणी साठणाऱ्या बाळांसाठीची झडप १९५६ च्या सुमारास जॉन होल्टर या कारागिरानं आपल्या मुलासाठी खटपट करून बनवली, ती सिलिकोनची. मायकेल डिबेकी यांनी महाधमनीसाठी शिवलेली नळी डेक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, कापडाची होती. कापड दुकानातून आणलेलं आणि घरच्या शिलाई मशीनवर शिवलेलं. या तिघांपैकी एकानंही नवा रेणू घडवला नव्हता.

पण तुम्हाला खरी उपयोगी पडेल ती जॉन चार्नली यांची गोष्ट, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी चार्नलींनी आधी टेफ्लॉनची वाटी निवडली. निसरडेपणात टेफ्लॉनचा हात धरणारं काही नव्हतं, त्यामुळे निवड कागदावर बिनचूक होती. सुमारे ३०० रुग्णांना त्या वाट्या बसल्या. काही वर्षांतच त्या झिजल्या, झिजलेल्या कणांभोवती शरीरानं गाठी धरल्या आणि एकेक करून त्या काढाव्या लागल्या. घर्षण कमी असणं आणि झीज कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा रुग्णांच्या शरीरात शिकावा लागला. मग १९६२ मध्ये एक विक्रेता अति उच्च रेणुभाराच्या, म्हणजे फार लांब साखळ्यांच्या, पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. हा माल तेव्हा यंत्रमागांच्या भागांसाठी वापरला जात होता. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि 'हे काय टिकणार' म्हणून बाजूला सारलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं मात्र साहेब परदेशी गेलेले असताना तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चालवून तो जेवढा झिजला, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून वाट्या पॉलिएथिलीनच्या झाल्या. (दोन्ही पदार्थांचे कण चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन पाहिले होते. आजची नीतिसमिती त्यांना दारातूनच परत पाठवेल.)

गोष्ट तिथे संपत नाही. पुढे कळलं की या वाट्या हवेत ठेवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या की साखळ्या तुटतात, तुटलेली टोकं ऑक्सिजनशी हळूहळू जुळत राहतात आणि वाटी खोक्यात पडल्या पडल्याच ठिसूळ होऊ लागते. मग ऑक्सिजन काढून पॅकिंग आलं. किरणांनीच साखळ्या एकमेकींना बांधून झीज कमी करण्याची रीत आली. त्यानंतर उरलेल्या तुटक्या टोकांना आवरायला ई जीवनसत्त्व मिसळण्याची पद्धत आली. १९६२ मधली वाटी आणि आजची वाटी यांतला मूळ रेणू तोच आहे. साठ वर्षांचं सगळं संशोधन त्या एका रेणूची वागणूक ओळखण्यात गेलं, आणि रुग्णाच्या दृष्टीनं फरक त्यानंच पडला.

आता तुमच्या प्रबंधातल्या मोनोमरकडे या. तो चांगला असेलही. पण नवा मोनोमर म्हटला की तो शरीरात तुटल्यावर काय काय तयार होतं, ते कुठे जातं, किती दिवसांत बाहेर पडतं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शून्यापासून तुम्हाला द्यावं लागेल. शिवाय प्रत्येक बॅच सारखी निघते हेही तुम्हीच सिद्ध करायचं, कारण जगात तो बनवणाऱ्या तुम्ही एकट्याच. विरघळणाऱ्या पॉलिमरांच्या दुनियेत पाच मोनोमर आधीच मुरलेले आहेत: लॅक्टाइड, ग्लायकोलाइड, कॅप्रोलॅक्टोन, डायॉक्सानोन आणि ट्रायमेथिलीन कार्बोनेट. शोषले जाणारे टाके याच मंडळींपासून बनतात. १९७० च्या आसपास बाजारात आलेला पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा, नंतरचा ग्लायकोलाइड-लॅक्टाइडचा, मग लवचिक पॉलिडायॉक्सानोन. शरीरात त्यांचं काय होतं याची अर्ध्या शतकाची नोंद तुमच्या हाताशी आहे. तुमची सगळी हुशारी या पाचांच्या प्रमाणात, साखळीच्या रचनेत आणि नळीच्या बांधणीत खर्ची घाला. तिथेही मोकळी जमीन भरपूर आहे.

आणि आता मुख्य अडचण, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही लिहिता 'विरघळेल'. कसा विरघळेल?

साबणाची वडी वरून झिजत जाते आणि शेवटपर्यंत वडीच राहते. लॅक्टाइड-ग्लायकोलाइडचे पॉलिमर तसे वागत नाहीत. पाणी आधी पूर्ण जाडीत शिरतं आणि साखळ्या सगळीकडे एकाच वेळी तुटू लागतात. रेणुभार पहिल्या दिवसापासून उतरत असतो, त्यापाठोपाठ ताकद जाते, आणि वजन मात्र बराच काळ जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे मधला एक टप्पा असा येतो की नळी दिसायला अख्खी आहे पण हात लावला तर तुकडे होतील. जाड भिंतीत तर आतल्या गाभ्यात तयार झालेलं आम्ल अडकून बसतं आणि तेच पुढची तुटातुट वाढवतं, त्यामुळे गाभा बाहेरच्या थरापेक्षा आधी ढासळतो. रक्तवाहिनीजवळच्या टाक्याला हे चालतं, कारण भोवती ऊती असतात आणि तुकडा जाणार कुठे? तुमची नळी मात्र मूत्रवाहिनीत आहे. तिथे सुटलेला तुकडा म्हणजे नवा मुतखडाच समजा. विरघळणाऱ्या मूत्रवाहिनी-स्टेंटांच्या आधीच्या प्रयत्नांत नेमकं हेच झालं. काही रुग्णांत तुकडे आत राहिले आणि ते काढायला वेगळी प्रक्रिया करावी लागली. ज्या दुसऱ्या फेरीपासून रुग्णाला वाचवायचं होतं, तीच फेरी वेळीअवेळी आली.

म्हणून पुढच्या संशोधकांनी मूत्राशयाकडचं टोक आधी आणि मूत्रपिंडाकडचं शेवटी विरघळेल अशी रचना करून पाहिली, म्हणजे वरचा तुकडा सुटेल तेव्हा खालची वाट मोकळी असेल. या प्रश्नात तुमच्यासारख्या माणसाला खरं काम आहे. एकाच नळीत टोकापासून टोकापर्यंत प्रमाण बदलत न्यायचं, की जाडी, की विणलेल्या धाग्यांवरचा लेप? तुकडे पडलेच तर ते मऊ आणि बारीक कसे पडतील? एक्स्ट्रूजनवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून नळी काढण्यावर, हात बसलेला अभियंता इथे रसायनशास्त्रज्ञापेक्षा पुढे जाऊ शकतो.

दुसरी अडचण लघवीची. तिचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा आकडा, साधारण ४.५ ते ८ च्या दरम्यान कुठेही असतो. प्रोटियससारखे जंतू शिरले तर ते युरिया फोडून अमोनिया करतात आणि पीएच आणखी वर जातो. या पॉलिमरांच्या साखळ्या जोडणारे एस्टरचे बंध अशा अल्कधर्मी पाण्यात झपाट्यानं तुटतात. प्रोटियसचा संसर्ग असलेल्या लघवीत पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या टाक्यांची ताकद फार लवकर जाते, हे जुनं निरीक्षण आहे. शिवाय तोच संसर्ग स्टेंटवर क्षारांचे थर चढवतो. म्हणजे तुमचा चार आठवड्यांचा स्टेंट एकाच्या शरीरात सहा आठवडे टिकेल आणि संसर्ग असलेल्या दुसऱ्याच्या शरीरात, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथे आठवड्याभरात खचेल. प्रयोगशाळेत खारट पाण्यात ३७ अंशांवर काढलेला एकच सुबक आलेख दाखवून कुणाला फसवू नका, आणि स्वतः तर मुळीच फसू नका. कृत्रिम लघवी किमान तीन वेगवेगळ्या पीएचची घ्या, त्यातली एक युरिएज, म्हणजे युरिया फोडणारं विकर, घातलेली. आणि घाई म्हणून तापमान ६०-७० अंशांवर नेऊ नका. लॅक्टाइड-ग्लायकोलाइड पॉलिमर ४५ ते ५५ अंशांच्या आसपास काचेसारख्या कडकपणातून मऊ अवस्थेत जातात, आणि पाणी मुरल्यावर हा आकडा आणखी खाली येतो. त्या रेषेच्या पलीकडे घेतलेली चाचणी दुसऱ्याच पदार्थाची चाचणी असते. महिने लागणार असतील तर लागू द्या.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या स्टेंटचं उदाहरण दादाला नक्की माहीत असेल. अ‍ॅबट कंपनीचा 'अ‍ॅबसॉर्ब' हा पॉलिलॅक्टाइडचा, विरघळणारा. अमेरिकेत त्याला जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं त्याची विक्री थांबवली. पॉलिमर धातूपेक्षा दुबळा, म्हणून काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. धातूच्या नव्या स्टेंटांत त्या साधारण ८० मायक्रॉनच्या असतात. जाड काड्यांभोवती रक्तप्रवाह अडखळतो, आणि पुढे वाहिनीच्या भिंतीनं नीट न झाकलेली चौकट मोडू लागली की तिचे भाग प्रवाहात येतात. रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघालं. कल्पना आकर्षक होती, पैसाही होता आणि माणसंही हुशार होती. 'विरघळतो' हा गुण रुग्णाला तेव्हाच उपयोगी, जेव्हा विरघळण्याआधीचे सगळे महिने तो न विरघळणाऱ्याइतकाच चांगला असतो.

आता दादाकडे.

'मेडिकल ग्रेड' हा शब्द ऐकून डॉक्टर निर्धास्त होतात, तसे होऊ नका. अमेरिकेतलं औषधं आणि उपकरणांचं नियामक एफडीए मान्यता देतं ती उपकरणाला, सुट्या दाण्याला नाही. उपकरण शरीराला सुरक्षित आहे का हे तपासण्याच्या आयएसओ १०९९३ या मानकमालेतही तपासायचा असतो तो तयार झालेला, रंगवलेला, निर्जंतुक केलेला, पॅक केलेला शेवटचा माल. चांगल्या ग्रेडमुळे तुमचं काम कमी होतं, संपत नाही. उलट टोकाचं उदाहरण फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचं. स्तनरोपणात औद्योगिक सिलिकोन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं आणि मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. ग्रेडला महत्त्व आहेच, पण ग्रेड हा पहिला दरवाजा आहे.

आणि तो दरवाजा उघडेलच असंही नाही. १९९० च्या दशकात खटल्यांच्या भीतीनं अमेरिकेतल्या मोठ्या पॉलिमर उत्पादकांनी कायमच्या रोपणांसाठी माल विकणं बंद केलं होतं. शेवटी १९९८ मध्ये कच्चा माल पुरवणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. आजही कित्येक पुरवठादार किती दिवसांच्या संपर्कासाठी माल देणार याची मर्यादा लेखी घालतात. तेव्हा कोणताही दाणा निश्चित करण्याआधी पुरवठादाराला सरळ विचारा: हा शरीराच्या आत, इतके दिवस राहणार आहे, तुम्ही द्याल का, आणि उत्पादनात बदल केलात तर आधी कळवाल का? दिवसांचा आकडा विचारपूर्वक लिहा. ३० दिवसांपुढचा संपर्क दीर्घकालीन मानला जातो आणि तपासण्यांची यादी तिथून वाढते. विरघळणाऱ्या मालाला त्यातून निघणारे पदार्थ ओळखणं आणि मोजणं वेगळं करावं लागतं.

'नळी काढ' हे तर दादा जितक्या सहज म्हणतो तितकं सहज नाही, आणि त्याला हे तुम्हीच समजावू शकता. मोटारीच्या भागांत चालणाऱ्या सवयी इथे घातक आहेत. साच्यावर मारायचा सिलिकोनचा स्प्रे, उरलेला माल दळून परत मिसळणं, दाणा घाईत सुकवणं. विरघळणारा पॉलिमर पाण्यानंच तुटतो, तर दाण्यात राहिलेला ओलावा मशीनच्या गरम बॅरलमध्येच त्याला तोडायला सुरुवात करतो. मशीनमधून निघालेली नळी चकचकीत दिसेल, पण तिचं निम्मं आयुष्य तिथेच संपलेलं असेल. प्रत्येक टप्प्यानंतर रेणुभार मोजा: दाणा, सुकवलेला दाणा, नळी, निर्जंतुक केलेली नळी, सहा महिने पाकिटात राहिलेली नळी.

निर्जंतुकीकरणाचा विचार तर पहिल्याच आठवड्यात करा. वाफेत हा माल गळून जाईल. गॅमा किरणं साखळ्या तोडतात, म्हणजे टिकण्याचा काळ बदलतो. इथिलीन ऑक्साइड वायूनं होतं, पण त्यातही उष्णता आणि दमटपणा असतो आणि नंतर वायूचा उरलेला अंश घालवावा लागतो. शोषले जाणारे टाके कोरड्या, ओलावा न शिरणाऱ्या फॉइलमध्ये का येतात हे दादानं कधी स्वतःला विचारलंय का? ते पाकीट उपकरणाचाच भाग आहे. शिवाय एक्स-रेत दिसावा म्हणून नळीत बेरियम सल्फेट घालाल, तर पॉलिमर गेल्यावर ती पूड कुठे जाणार हेही ठरवा.

एक आगाऊ प्रश्न विचारते, रागावू नका. दुसरी दुर्बीण टाळायला पॉलिमर विरघळायलाच हवा का? टोकाला दोरा बाहेर ठेवलेले स्टेंट आहेत, जे दुर्बिणीशिवाय ओढून काढता येतात. टोकाला लहान चुंबक असलेले आहेत, जे चुंबकाच्या कॅथेटरनं काढतात. रुग्णांची मोठी तक्रार काढण्याइतकीच ठेवण्याचीही असते: वारंवार लघवी, जळजळ, कंबरेत कळ. १९६७ मध्ये पॉल झिमस्किंड यांनी सिलिकोनची नळी वापरली, १९७८ मध्ये रॉय फिनी यांचा दोन्ही टोकांना वळलेला 'डबल जे' आला, आणि ही तक्रार अजून तशीच आहे. मूत्राशयात टोचणारं टोक शरीराच्या उष्णतेला लोण्यासारखं मऊ होईल, आणि वरचं टोक आपला वळ सोडणार नाही, अशी न विरघळणारी नळी तुम्ही केलीत तर ते काम आधी पूर्ण होईल आणि त्याचे आभार मानणारे रुग्णही जास्त असतील. विरघळणारा त्यानंतरही करता येईल.

नोकरी आताच सोडू नका. पुरवठादारांची उत्तरं आणि निरनिराळ्या पीएचमधले पहिले आलेख येईपर्यंत तुमच्या पूर्ण वेळाची गरजच नाही. नमुने भांड्यात पडून राहतील आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून मोजायचे असतील. मात्र सध्याच्या नोकरीच्या करारात तुम्ही बाहेर केलेल्या शोधावर कुणाचा हक्क आहे ते आधी वाचा, आणि दादाशी मालकीचा कागद आताच करा. मावसभावाशी कागद कसला, असं घरचे म्हणतील. म्हणू द्यात.

दादाशी भांडण मिटवायचं असेल तर त्याला असं काम सांगा जे तुमच्या हातून कधीच होणार नाही. तो रोज स्टेंट काढतो आणि ते कचऱ्यात जातात. रुग्णालयाच्या नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णांची संमती घेऊन ते जपून ठेवायला सांगा. प्रत्येकासोबत किती दिवस आत होता, लघवीचा पीएच काय होता, संसर्ग होता का, रुग्णाची तक्रार काय होती, एवढं लिहिलेलं असावं. मग ते लांबीत चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघा: थर कुठे बसलाय, आतून की बाहेरून, वरच्या वळणावर की खालच्या, नळी कुठे कडक झाली आहे, छिद्रं कुठे बुजली आहेत. पहिले वीस-तीस स्टेंट दोघांनी एकाच टेबलावर बसून बघा. कोणता पॉलिमर घ्यायचा हा विषय तोपर्यंत काढूच नका.